मंत्रचळ, चाळा आणि मनोविश्लेषण

मराठी भाषेत 'मंत्रचळ' हा शब्द फार दिवसांपासून रूढ आहे. मंत्र जपताना अक्षर चुकले अथवा क्रम बिघडला, आणि त्या दोषामुळे जपणाऱ्याच्या चित्तास भ्रम झाला, अशी कल्पना ह्या शब्दाच्या मुळाशी दिसते. पुढे त्याचा अर्थ विस्तारत गेला. आणि धुतलेले हात पुनः धुणारा, लावलेली कडी पुनः चाचपणारा, मोजलेले पैसे पुनः मोजणारा असा जो कोणी आढळेल, त्यास मंत्रचळ लागला असे लोक म्हणू लागले. त्याच्याच शेजारचा दुसरा शब्द 'चाळा'. डोळे मिचकावणे, मान झटकणे, खांदा उडवणे, घशातून नकळत आवाज काढणे, ह्या गोष्टी वारंवार होऊ लागल्या म्हणजे त्यांस चाळा म्हणतात. मंत्रचळात मनुष्य एका विचाराच्या ताब्यात असतो, चाळ्यात एका हालचालीच्या. परंतु आतून दाटून येणारी ओढ, ती रोखताना होणारी तगमग, आणि ती पुरी केल्यावर मिळणारा क्षणिक विसावा, ह्या गोष्टी बहुधा दोहोंत सारख्याच असतात. एकाच मनुष्यात अथवा एकाच घराण्यात ह्या दोन्ही व्याधी आढळणे हेही विरळ नाही.

ह्या व्याधींवर औषधावाचून, केवळ शब्दाच्या बळाने, उपचार करण्याचा जो प्रयत्न मनोविश्लेषणाने केला, त्याचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे. हा इतिहास व्हिएन्ना, बुडापेस्ट, कलकत्ता व मुंबई ह्या शहरांचा आहे. परंतु तो लिहिण्याची बुद्धी आम्हांस झाली ती शहरात नव्हे, तर ठाणे जिल्ह्यातील डोळखांब गावाच्या बाजूस.

शहापुराहून पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत डोळखांब लागते. भोवती भाताची खाचरे, आणि ठाकूर, महादेव कोळी, कातकरी व कुणबी ह्यांच्या वाड्यापाडे. तिकडील एका घरी आम्ही गेलो असता अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा पाहिला. बोलता बोलता त्याची मान डावीकडे झटका देई आणि घशातून बारीकसा हुंकार निघे. शाळेत हा खोडसाळपणा समजला जाऊन त्यास छडी मिळालेली होती. घरची आजी म्हणाली, "पोराला बाहेरचं झालंय. भगताचा अंगारा लावला की महिनाभर बरा असतो, मग पुन्हा येतं." त्याच घरी मुलाची आत्या होती. ती हंड्यातील पाणी ओतून टाकी, हंडा घाशी, पुनः भरी आणि पुनः ओती, आणि मधून मधून भावजयीस विचारी, "वहिनी, निघालं ना गं सगळं?" भावजय चुलीपाशी बसल्या जागेवरून उत्तर देई, "निघालं, वन्सं." हा प्रश्न व हे उत्तर आम्ही तेथे होतो तेवढ्या वेळात अनेकदा झाले. ह्या दोघांस कोणी काय द्यावे? हाच आमच्या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम एका जुन्या गैरसमजाचा विचार केला पाहिजे. मंत्रचळ म्हणजे सोवळ्याओवळ्याचा अतिरेक, अशी अनेक सुशिक्षितांची समजूत आहे. सिग्मंड फ्रॉइड ह्याने इ. स. १९०७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात रोग्याची बंधनात्मक कृत्ये आणि धार्मिक विधी ह्यांतील साम्य दाखविले. दोहोंत चुकण्याचे भय, दोहोंत बारीकसारीक गोष्टींस महत्त्व, दोहोंत निषिद्ध इच्छेस आवर. परंतु त्याने भेदही सांगितला होता: विधी हा सर्वांचा असतो व त्यास अर्थ असतो, रोग्याचे कृत्य एकट्याचे असते व ते त्यास स्वतःलाच निरर्थक वाटते. रांचीच्या युरोपीय लोकांसाठी असलेल्या मनोरुग्णालयाचा अधीक्षक ओवेन बर्कली-हिल ह्याने मात्र हा भेद गुंडाळून ठेविला. इ. स. १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान व स्वभाव ह्या साऱ्यांचे मूळ बाल्यावस्थेतील मलविसर्जनाच्या वासनेत शोधले. एका परतंत्र राष्ट्रास समग्रपणे रोगी ठरविण्याचा हा प्रकार होता, आणि त्यात खऱ्या रोग्याची वास्तपुस्त कोठेच नव्हती.

वस्तुतः आपल्या धर्मशास्त्राने शंकेस सीमा घातलेली आहे. जे अशुद्ध झालेले दृष्टीस पडले नाही ते शुद्ध, जे पाण्याने धुतले ते शुद्ध, आणि जे शुद्ध आहे असे वाणीने सांगितले ते शुद्ध, अशा आशयाचे वचन मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. कर्मठपणाचा जाच, ज्यावर लोकहितवादींनी आपल्या शतपत्रांत कोरडे ओढले, तो निराळा आणि मंत्रचळ निराळा. कर्मठास नियम पाळल्याचे समाधान मिळते. मंत्रचळ लागलेल्यास ते कधीच मिळत नाही. बंगाल्यात अशा स्वच्छतेच्या वेडास 'शुचिबाई' असा शब्द आहे, कलकत्त्याच्या डॉ. अजिता चक्रवर्ती ह्यांनी इ. स. १९७५ मध्ये विधी, शुचिबाई व रोग ह्या तिहींचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, तो ह्याच सीमारेषेच्या शोधासाठी. डोळखांबकडील त्या आत्याबाईंच्या घरी सोवळे मुळीच नव्हते, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ह्या असमाधानाच्या मुळाशी काय आहे, हे सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रॉइडचाच. इ. स. १९०७ च्या ऑक्टोबरात त्याच्याकडे कायद्याचा अभ्यास केलेला एक तरुण आला, आणि इ. स. १९०९ मध्ये फ्रॉइडने त्याची हकीकत प्रसिद्ध केली. ह्या तरुणाने एकदा रस्त्यात पडलेला दगड पाहिला. आपल्या प्रियेची गाडी ह्याच वाटेने येणार, तिला अपघात होईल, म्हणून त्याने तो उचलून बाजूस ठेविला. थोड्या वेळाने हे सारे वेडगळ वाटून त्याने परत जाऊन तो दगड पूर्वीच्या जागी आणून ठेविला. फ्रॉइड म्हणतो की, ह्यातील पहिले कृत्य प्रेमाचे, तसे दुसरे कृत्य द्वेषाचे. आणि दोन्ही एकाच मनाची. प्रेम व द्वेष समबल होऊन एकमेकांस अडवून धरतात, त्यामुळे मनुष्यास कोणताच निश्चय करता येत नाही, आणि ती अनिश्चितता कडीपासून हंड्यापर्यंत सर्व गोष्टींत पसरते. उपचार एक वर्षाहूनही कमी काळ चालला, व तरुणास आराम पडला असे फ्रॉइडने लिहिले. परंतु पुढे पहिल्या महायुद्धात तो मारला गेला, त्यामुळे तो आराम किती टिकला असता हे पाहण्याचा प्रसंग आला नाही.

आपल्या देशात ह्याच गाठीवर स्वतंत्र विचार करणारा पुरुष म्हणजे कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस. इ. स. १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण मंडळ स्थापिले. फ्रॉइडशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार होता. तथापि ते त्याचे केवळ अनुयायी नव्हते. प्रत्येक इच्छेबरोबर तिच्या उलट इच्छाही मनात जन्मते, आणि त्यांपैकी एक दडपली गेली म्हणजे व्याधी उत्पन्न होते, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणून रोग्याने कल्पनेत प्रथम एका भूमिकेत शिरावे, मग तिच्या उलट भूमिकेत, आणि झोपाळ्याप्रमाणे ह्या टोकाहून त्या टोकास जात जात दोन्ही इच्छा आपल्याच म्हणून ओळखाव्या, अशी पद्धत त्यांनी योजिली. दगड उचलणारा व ठेवणारा हे दोन्ही आपणच, हे मान्य करण्याचे बळ रोग्यास देणे, हे ह्या पद्धतीचे मर्म म्हणता येईल.

आता चाळ्याकडे वळू. ह्या व्याधीचे शास्त्रीय वर्णन फ्रान्समध्ये झाले. इ. स. १८२५ मध्ये इतार ह्याने एका उमराव घराण्यातील स्त्रीची हकीकत लिहिली, आणि इ. स. १८८५ मध्ये जिल द ला तुरेत ह्याने नऊ रोग्यांची वर्णने एकत्र केली, व पुढे व्याधीस त्याचेच नाव मिळाले. चाळ्याच्या मागील कथा ऐकण्याचा आरंभ मात्र फ्रॉइडपासून झाला. इ. स. १८९५ च्या ग्रंथात त्याने एका विधवा बाईची हकीकत दिली आहे. ती बोलताना मध्येच जिभेने टकटक असा आवाज करी. विचारपूस करता असे निघाले की, तिचे आजारी मूल महत्प्रयासाने झोपी गेले असता, आता आपण अगदी निश्चल बसले पाहिजे, आवाज होता कामा नये, असे ती स्वतःस बजावीत होती. आणि नेमक्या त्याच क्षणी तो आवाज तिच्या तोंडून प्रथम निघाला. जे करावयाचे नाही तेच घडते, ही चाळ्याची रीत ह्या गोष्टीत फार स्पष्ट दिसते.

परंतु कथा सापडली म्हणजे उपाय सापडला, असे नव्हे. इ. स. १९०२ मध्ये मेज व फाइंदेल ह्या दोघा फ्रेंच वैद्यांनी चाळ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचा उपाय अगदी साधा होता: आरशासमोर बसून काही क्षण निश्चल राहावे, ते क्षण हळूहळू वाढवावे, व हालचालींचा नियमित सराव करावा. इ. स. १९२१ मध्ये बुडापेस्टच्या फेरेंत्सी ह्याने चाळ्यावर मनोविश्लेषणाचा प्रसिद्ध निबंध लिहिला, तो मुख्यतः ह्याच ग्रंथातील वर्णनांच्या आधारे. चाळा म्हणजे दडपलेल्या कामवासनेचे स्नायूंतून फुटणारे रूप, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढील मनोविश्लेषकांनी ती उपपत्ती घेतली. आरशासमोरचा सराव मात्र मागे पडला. इ. स. १९४० नंतर न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट माहलर हिने चाळे असलेल्या अनेक मुलांचा अभ्यास केला. शरीरप्रकृतीचाही भाग ह्यात असावा, हे तिने मान्य केले होते. तरीही आईबापांचे वागणे व मुलाचा दाबलेला क्रोध ह्यांवरच तिचा भर राहिला.

येथे आम्हांस त्या आजीच्या वाक्याची आठवण होते. अंगारा लावला की महिनाभर बरा, मग पुन्हा येते. आजीचे निरीक्षण अचूक होते. अनुमान तेवढे चुकले. चाळ्यांस स्वभावतःच भरती-ओहोटी असते. ते आठवड्यांच्या वा महिन्यांच्या अंतराने वाढतात, कमी होतात, रूप पालटतात. आणि पुष्कळ मुलांत दहा-बारा वर्षांच्या सुमारास शिखरास पोचून तारुण्यात पुष्कळ ओसरतात. वाढ झाली की लोक उपायासाठी धावतात, त्यानंतर ओहोटी यावयाचीच असते, आणि जो कोणी त्या वेळी समोर असेल त्याच्या पदरात यश पडते. अंगाऱ्यास मिळालेले हे यश आणि व्हिएन्नाच्या बिछायतीस मिळालेले यश ह्यांत किती अंतर होते, हे कोणी मोजून पाहिले नव्हते. उपचार घेतलेल्यांची न घेतलेल्यांशी तुलना करावी, हा साधा नियम मनोविश्लेषणाने दीर्घकाळ आपणांस लावून घेतला नाही. त्याचा मोठा दोष आमच्या मते हाच.

ह्या दोषाची किंमत आयांनी दिली. मूल मान झटकते ते आईच्या वागणुकीमुळे, असे तिला वैद्याकडून ऐकावे लागे. इ. स. १९६१ मध्ये फ्रान्समध्ये हॅलोपेरिडॉल ह्या औषधाने चाळे आटोक्यात आल्याचे प्रसिद्ध झाले, आणि इ. स. १९६८ मध्ये अमेरिकेतील शापिरो दांपत्याने आपल्या रोगिणीचा तोच अनुभव मांडून ही व्याधी मुख्यतः मेंदूची आहे असे प्रतिपादिले. त्या औषधाचे दुष्परिणाम पुष्कळ होते. परंतु त्याने आईबापांच्या माथ्यावरचा कलंक उतरविला, हे त्याचे उपकार विसरण्यासारखे नाहीत.

मग औषधावाचूनच्या उपचाराची गोष्ट तेथेच संपली काय? तसे झाले नाही, आणि ते का झाले नाही ह्याचे बीज फ्रॉइडच्याच एका भाषणात आहे. इ. स. १९१८ च्या सप्टेंबरात, युद्ध संपत आले असता, बुडापेस्ट येथे मनोविश्लेषकांची परिषद भरली. तेथे त्याने दोन गोष्टी मान्य केल्या. पहिली अशी की, केवळ अर्थ सांगून काही रोगी बरे होत नाहीत; भयग्रस्ताने बाहेर पडून भयाशी गाठ घातली पाहिजे, आणि मंत्रचळाच्या कठीण रोग्यांत वैद्याने योग्य वेळी त्या बंधनाविरुद्ध उलट बंधन घातले पाहिजे. दुसरी अशी की, आपला उपचार मूठभर श्रीमंतांपुरताच आहे. समाजाची सदसद्बुद्धी एके दिवशी जागी होईल, गरिबांसाठी विनामूल्य उपचार उघडावे लागतील, आणि त्या वेळी विश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात सूचनेचे तांबे मिसळावे लागेल. पुढे इ. स. १९२६ मध्ये मंत्रचळ हा विषय सर्वांत मनोवेधक असला तरी अद्याप आपल्या हाती आलेला नाही, अशीही त्याने कबुली दिली. आपल्या शास्त्राची मर्यादा त्याच्या जनकाने इतक्या उघडपणे सांगावी, हे त्यास भूषणावह आहे.

पहिली गोष्ट खरी करून दाखविली ती मात्र दुसऱ्यांनी. इ. स. १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर ह्याने मंत्रचळाच्या रोग्यांवर एक नवा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्याचे भय त्यास रोग्याने मुद्दाम स्पर्श करावा, आणि नंतर धुणे वा पुसणे होऊ न देता परिचारिकांनी त्याच्यासमवेत थांबावे. तगमग प्रथम शिगेस पोचते. परंतु न धुताही ती आपोआप उतरते, हे रोग्यास अनुभवाने कळते, आणि बंधन सैल होते. मंत्रचळावरील औषधाविरहित उपचारांत आज हीच पद्धत प्रमुख मानली जाते. चाळ्यांविषयी इ. स. १९७३ मध्ये ॲझ्रिन व नन ह्यांनी असे दाखविले की, ओढ येताच तिची चाहूल ओळखावी आणि त्या हालचालीच्या उलट स्नायू ताठ धरून ओढ ओसरेपर्यंत थांबावे. ह्याने चाळे कमी होतात. मेज व फाइंदेल ह्यांच्या आरशाचाच हा पुनर्जन्म होय. इ. स. २०१० मध्ये ह्या पद्धतीच्या विस्तृत रूपाची १२६ मुलांवर रीतसर परीक्षा प्रसिद्ध झाली: दहा आठवड्यांत ही पद्धत शिकलेल्यांपैकी ५२.५ टक्के मुलांस स्पष्ट गुण आला, केवळ धीर व माहिती मिळालेल्यांपैकी १८.५ टक्क्यांस. इतकेच नव्हे, तर इ. स. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी असे दाखविले की, मंत्रचळ सरावाने बरा होवो अथवा औषधाने, मेंदूतील कॉडेट नामक भागाच्या व्यापारात सारखाच पालट होतो. व्याधी मेंदूची असली म्हणून उपाय औषधाचाच असला पाहिजे, असे नाही.

आपल्या प्रांतातही ह्या वाटेवर पावले पडली आहेत. इ. स. १९३८ मध्ये इटलीतील वंशद्वेषी कायद्यांमुळे एमिलिओ सेर्वादिओ हा मनोविश्लेषक मुंबईस आला, आणि त्याच्या वास्तव्याने ह्या शास्त्राचे अध्ययन करणारा एक लहान गट तेथे तयार झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया व त्यांचे सहकारी ह्यांनी पातंजल योगाच्या आधारे मनोविकारांवर उपचार केले व त्यांचे निष्कर्ष इ. स. १९६६ व १९७३ मध्ये परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध केले. त्यांचा विशेष हा की, आसन-प्राणायामापासून ध्यानापर्यंतचा संपूर्ण क्रम करणाऱ्यांची अपुरा क्रम करणाऱ्यांशी त्यांनी तुलना केली. म्हणजे जे व्हिएन्नात झाले नव्हते ते परळास झाले. मनोविश्लेषण सोडून विवेकनिष्ठ उपचारपद्धती काढणाऱ्या अल्बर्ट एलिसचा विचार कि. मो. फडके ह्यांनी मराठीत आणला, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी इ. स. १९९० मध्ये स्थापिलेल्या मानसिक आरोग्यसंस्थेने तो घरोघर पोचविला. मानसोपचार मराठीतून बोलू लागला, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु फ्रॉइडची दुसरी गोष्ट, गरिबांच्या उपचाराची, अजून शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ भागात पुरती उतरलेली नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय इ. स. १९०१ पासूनचे आहे. जिल्हा मानसिक आरोग्याचा सरकारी कार्यक्रम इ. स. १९९६ मध्ये देशात सुरू झाला; इ. स. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनीने सल्ला मिळतो. तथापि सरावाचा उपचार गोळीप्रमाणे पुडीत बांधून देता येत नाही. त्यास शिकलेला मनुष्य लागतो, आणि दर आठवड्यास त्याच्याकडे जाण्यास रोजगार बुडवावा लागतो. म्हणून 'औषधावाचून उपचार' हा शब्दप्रयोग ऐकून कोणी भुलू नये. व्याधी तीव्र असेल तर औषध घ्यावेच लागते, चालू असलेले औषध वैद्यास न विचारता सोडणे घातक आहे, आणि औषधावाचूनचा मार्ग स्वस्त तर मुळीच नाही.

तरी एवढे आजच करता येण्यासारखे आहे. त्या मुलास छडी मिळू नये. गुरुजींनी त्याच्या मानेकडे दुर्लक्ष व त्याच्याकडे लक्ष दिले, तर त्याचे निम्मे दुःख हलके होईल. आजीस कोणी हसू नये. तिने मुलावर दोष न ठेवता बाहेरच्यावर ठेविला, ही तिची मायाच होय. आणि भावजयीस हे कोणी तरी समजावून सांगितले पाहिजे की, 'निघालं, वन्सं' हे तिचे प्रेमाचे शब्दच त्या व्याधीस खाऊ घालीत आहेत. शास्त्राने शुद्धतेचे वचन दिले ते शंका मिटविण्यासाठी. शंभर वेळा दिलेले वचन शंकाच वाढविते. ते एकदम तोडूही नये. वन्संशी बसून, त्यांच्याच संमतीने, दिवसाला एक उत्तर कमी करीत जावे.

मनोविश्लेषणाने ह्या दोन व्याधी बऱ्या केल्या, असे इतिहास सांगत नाही. परंतु झटकणाऱ्या मानेमागे एक मनुष्य आहे, व त्याचे ऐकून घेतले पाहिजे, हे त्यानेच प्रथम शिकविले. आम्ही निघालो तेव्हा त्या मुलाने आम्हांस वाटेपर्यंत सोबत केली. मान झटकते त्याच्या आधी काही जाणवते काय, असे आम्ही त्यास विचारले. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मानेत शिंक आल्यासारखं होतं." हे त्याला आजवर कोणी विचारले नव्हते. सरावाच्या उपचाराची पहिली पायरी हीच, ओढीची चाहूल ओळखणे. आणि ती त्यास आधीपासूनच ठाऊक होती.